रस्त्याखालचें बर्फ



आपल्याकडे डांबरी रस्त्याचा वैरी म्हणजे पावसाळा. स्वीडन, कॅनडा किंवा अमेरिकेचा उत्तर भाग येथें मात्र रस्ता फुटतो तो हिंवाळा ओसरतांना. असें कां व्हावें, याचा उलगडा होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

पाणी गोठलें कीं सुमारें 9 टक्क्यांनीं फुगतें, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. तेव्हां जमिनींतील पाणी फुगतें आणि रस्ता वर उचलला जातो, असा सर्वसाधारण समज होता. पण थोडा हिशेब करून पाहा. एक मीटर खोलीपर्यंत माती गोठली आणि तींत चार दशांश भाग पाणी असलें, तरी रस्ता साडेतीन सेंटिमीटरांहून फारसा वर येणार नाहीं. प्रत्यक्षांत तो कित्येक ठिकाणीं वीतभर उचललेला आढळे. मग ही जास्तीची उचल आली कोठून?

दक्षिण कॅरोलिना विद्यापीठांतील भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनीं 1929 व 1930 सालच्या निबंधांत याचें उत्तर दिलें. त्यांनीं पाण्याऐवजीं बेंझीननें भिजविलेली माती गोठविली. बेंझीन गोठतांना फुगत नाहीं, उलट आकसतें. तरीही माती उचललीच! म्हणजे दोष फुगण्याचा नव्हता. समईच्या वातींतून तेल चढावें, तसें खालचें पाणी बारीक मातींतून गोठणाऱ्या थराकडे ओढलें जातें आणि तेथें बर्फाचे पापुद्रे वाढत जातात.

प्रश्न नीट मांडला गेला आणि गणितास वाट सांपडली. संमिश्र कणांच्या मातींत 0.02 मिलिमीटरहून बारीक कण 3 टक्क्यांपेक्षां अधिक असल्यास ती धोक्याची समजावी, असा निकष आर्थर कॅसाग्रांडे यांनीं 1931 सालीं सुचविला. 1935 सालीं स्वीडनचे गुन्नार बेस्कोव्ह यांनीं वरचा भार व भूजलाची खोली यांचाही विचार केला. पुढें 1981 च्या सुमारास कॅनडांत कोनराड व मॉर्गनस्टर्न यांनीं पाणी ओढलें जाण्याचा वेग आणि गोठणाऱ्या थरांतील तापमानाचा उतार यांचा संबंध मांडला. रस्ता किती उचलेल, याचा अंदाज आतां बांधण्यापूर्वींच करतां येऊं लागला.

परंतु खरा घात होतो तो बर्फ वितळतांना. ऊब वरून येते. वरचें बर्फ आधीं वितळतें, खालचें अजून दगडासारखें घट्ट असतें. पाण्यास निचरा नसतो, मातीचा चिखल होतो आणि भरलेली मालमोटार जातांच डांबराचा थर तडकतो. इलिनॉय प्रांतांतील ओटावा येथें 1958 ते 1960 या काळांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी अखंड फिरविण्यांत आल्या. तेथेंही डांबरी रस्त्यांची मोडतोड मुख्यतः वसंतांतच झाली.

म्हणूनच त्या थंड मुलखांत अनेक ठिकाणीं वसंतांतील कांहीं आठवडे मालमोटारींच्या वजनावर निर्बंध असतो. तो उशिरां घातला तर रस्ता जातो. नको तितका लांबविला तर शेतकऱ्याचा माल नि लाकूडतोड्याचें लाकूड अडून राहतें. रस्ता आणि रोजी या दोहोंमध्यें न्याय करावयाचा असतो, आणि म्हणूनच हें गणित इतकें जपून मांडावें लागतें.