सदरचे कॅथेड्रल : भेटीपूर्वी थोडेसे

वार्षिक सहलीसाठी यंदा रामटेक, अदासा ही नेहमीची नावे बाजूला पडली आणि सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रल पाहण्याचे ठरले. सर्वांची संमती एकदम मिळाली असे नाही. “आपण हळदीकुंकवाच्या बायका, चर्चमध्ये जाऊन काय करणार?” असे एका ज्येष्ठ भगिनीने विचारलेच. प्रश्न रास्त आहे. भेटीची आखणी माझ्याकडे असल्यामुळे त्याचे उत्तर देणेही माझ्याकडेच येते.

प्रथम शब्दाविषयी. पुष्कळांची समजूत अशी की, मोठे चर्च म्हणजे कॅथेड्रल. वस्तुतः आकाराशी या शब्दाचा संबंध नाही. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे, म्हणजे प्रांताच्या धर्माध्यक्षाचे आसन असते ते कॅथेड्रल, मग इमारत लहान का असेना. पूर्वी नागपूरचे इंग्रजी चर्च कलकत्त्याच्या बिशपच्या अधिकाराखाली होते. १९०३ साली आयर चॅटर्टन हे नागपूरचे पहिले बिशप झाले. हे गृहस्थ मूळचे आयर्लंडचे. त्यांनी १९१६ साली गोंडवनाचा इतिहास लिहिला, हे आपण वैदर्भीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इमारतीच्या कमानी आणि खिडक्या यांचे वर्णन येथे करीत नाही. त्या पाहायलाच तर जायचे आहे. मात्र नुसत्या कमानी पाहून परतलो तर निम्मी भेट फुकट गेली असे मी समजेन. या वास्तूचे खरे महत्त्व २९ नोव्हेंबर १९७० या एका दिवसात आहे, आणि तो दिवस समजण्यासाठी नागपुरातील ख्रिस्ती भाऊबंदकी थोडी माहीत हवी.

भाऊबंदकी हा शब्द मी मुद्दाम वापरते. सदरचे चर्च इंग्लंडच्या परंपरेचे. तेथे बिशपचा शब्द मोठा. शहरात काम करणारे मिशन मात्र स्कॉटलंडचे. त्यांच्याकडे बिशप नाही; मंडळीतील वडीलधाऱ्यांची सभाच सारे ठरविते. या मिशनचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, तेव्हा येथे तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. हिस्लॉपांनी शाळा काढली, खडक व जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून घोड्यावरून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. १८८३ मध्ये निघालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. सीताबर्डीचे म्यूर मेमोरिअल हॉस्पिटल बायकांसाठी काढले तेही याच स्कॉटिश मिशनने. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांच्या त्या काळात अशा इस्पितळाचे मोल काय असेल, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणजे एकाच गावात, एकाच ख्रिस्ताला भजणारी ही दोन घरे. एकाचे पाळक दुसऱ्याच्या वेदीवर उभे राहू शकत नसत, कारण बिशपने मस्तकावर हात ठेवून दिलेली दीक्षा तेवढीच खरी, असे इंग्रजी परंपरा मानी. साहेबाच्या देशातले भांडण आपल्याकडच्या गोंड, महार, ब्राह्मण ख्रिस्त्यांनी वारशाने का चालवावे? त्यांच्यातील विचारी माणसांना हे खटकू लागले. त्यात सरकारशी जवळीक हा आणखी एक काटा. जमनालाल बजाज यांच्या सल्ल्याने व्हेरिअर एल्विन १९३२ साली गोंडांत राहावयास गेले, तेव्हा राजनिष्ठेची शपथ घेण्यास तयार नसलेल्या या गांधीभक्ताला नागपूरचे बिशप वुड यांनी धर्मकार्याचा परवाना दिला नाही. काही वर्षांतच एल्विनांनी चर्चच सोडले.

एकीची बोलणी १९२९ साली सुरू झाली आणि एक्केचाळीस वर्षे चालली. लग्नाची बोलणी लांबलेली आपण पाहतो, पण इतकी नाही! तंट्याचे मुद्दे खरेखुरे होते. बाप्टिस्ट म्हणत, कळत्या वयातच बाप्तिस्मा द्यावा; इतर म्हणत, तान्ह्या मुलासही चालेल. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. पाळकांच्या दीक्षेचा पेच परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून सोडविला. कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही. अमेरिकन मेथडिस्टांनी मात्र त्याच वर्षी, अगदी मांडव घालायच्या सुमारास, नकार कळविला.

उरलेल्या सहा पंथांनी २९ नोव्हेंबरच्या रविवारी याच कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. त्यांत इंग्रजी चर्च होते, आणि ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’मधून आलेली हिस्लॉपांची स्कॉटिश मंडळीही. आपण ‘स्मृतिचित्रे’ वाचून ज्यांना घरच्यासारखे ओळखतो त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्याही त्याच ‘युनायटेड चर्च’मधून आल्या. पुढे या एकत्र चर्चने स्त्रियांनाही पाळकाची दीक्षा खुली केली. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घडले ते साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि असावयासच हवे. पण चौदा वर्षांनी सदरला काय घडले, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही सांगावे लागते. वाटण्या करणारी घरे आपण पुष्कळ पाहिली. चुली एक करणारी किती पाहिली? ज्येष्ठ भगिनींना माझे उत्तर एवढेच.

आता व्यवस्थेचे. रविवारी सकाळी उपासना असते, म्हणून आपण आठवड्यातील दुसरा दिवस घेऊ; परवानगी आधी मागावी लागेल आणि माहिती सांगण्यासाठी तेथीलच कोणी भेटावे अशी विनंतीही मी करणार आहे. चर्चमध्ये जोडे काढण्याची सक्ती सहसा नसते, पण सवयीने कोणी काढले तर बिघडत नाही. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत. नारळ, फुले आणू नयेत. कोणी प्रार्थनेस बसलेले असेल तर छायाचित्रे घेऊ नयेत आणि बोलणे बाहेर आल्यावर करावे. ही शेवटची सूचना पाळणे आपल्या मंडळास सर्वांत कठीण आहे, हे मी जाणून आहे.

टाकळघाटची शिलावर्तुळे त्याच दिवशी होणार नाहीत. ती ऊन उतरल्यावर, हिवाळ्यात, डबे बरोबर घेऊन पाहू.