दहा दिवसांची वाट

रोम मी पहिल्यांदा पाहिले ते केज तालुक्यातल्या एका जत्रेत, तंबूच्या टॉकीजमध्ये. चित्रपट होता बिमल रॉय यांचा ‘यहुदी’. १९५८ सालचा हा चित्रपट आमच्याकडे पोहोचायला बरीच वर्षे लागली होती आणि रीळ मधूनमधून तुटत होते. दिलीपकुमार रोमचा राजपुत्र मार्कस, सोहराब मोदी यहुदी जवाहिरा एझरा आणि मीनाकुमारी त्याने वाढवलेली मुलगी. पडद्यावरचे खांब आम्हा पोरांना खऱ्या संगमरवराचे वाटले. आम्ही कोष्टी. घरात एक खड्डामाग होता आणि त्याच्या धोट्याच्या आवाजातच मी वाढलो. परतताना मी तलवारींबद्दल बडबडत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एवढ्या समद्यांला कापड कोण इनून देत आसंल रं?”

मी हसलो होतो. पुढे इतिहासाचा शिक्षक झालो, बीडमध्ये तीस वर्षे शिकवले. ग्रीस-रोमवरचे मिळतील ते चित्रपट पाहिले: ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत, ‘स्पार्टाकस’मधले गुलामांचे बंड, २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’मधले कोलोसियम. त्या कोलोसियमचा एक भागच माल्टा बेटावर उभारला होता आणि उरलेला संगणकाने भरला, हे नंतर वाचले. या साऱ्या चित्रपटांत सम्राट असतो, सेनापती असतो, गर्दी असते. गर्दीच्या अंगावरचे कापड कुठून आले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. अण्णांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

निवृत्तीनंतर मुलाने इटली दाखवली. रोमपेक्षा मला ओढ होती नेपल्सची. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत, आबोंदान्झा या हमरस्त्यालगतच्या एका घरात, १९३८ साली अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उंची जेमतेम वीतभर. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी धरलेल्या दोन दासी, तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले; आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तिच्याशी नाते सांगणाऱ्या मूर्ती दोनच ठिकाणच्या प्रसिद्ध आहेत, आणि ती दोन्ही ठिकाणे मराठवाड्यात आहेत: जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर. काचेपुढे उभा असताना मुलगा म्हणाला, “बाबा, हिला बघायला आपण एवढ्या लांब आलो?” त्याच्या बोलण्यात थोडी थट्टा होती, पण मला ते लागले. तेर आमच्या गावापासून दोन-अडीच तासांवर. तोवर मी तिथे एकदाच गेलो होतो, तेही गोरोबाकाकांच्या दर्शनाला.

घरी आल्यावर ‘पेरिप्लस’ पुन्हा उघडले. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली ही मार्गपुस्तिका. त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. बॅरिगाझा म्हणजे भडोच. त्याच्या पलीकडच्या प्रदेशाला तो ‘दखिनाबदेस’ म्हणतो आणि इथल्या लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दखनोस’ म्हणतात, असेही सांगतो. आपल्या ‘दखन’चा हा एका परदेशी माणसाने ऐकलेला उच्चार. मग तो दोन बाजारपेठांची नावे घेतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात. तगरहून भरपूर साधे कापड, नाना प्रकारची तलम वस्त्रे आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड. जास्वंद, भेंडी आणि कपाशी ज्या कुळातल्या, त्याच कुळातल्या एका झाडावरून त्याला हे नाव पडले. हा सारा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून, भडोचला उतरतो.

पैठण आणि तेर यांच्यामध्ये काय आहे? नकाशा पाहा. मध्ये बीड जिल्हा आहे.

एकोणिसाव्या शतकात हे तगर नेमके कुठे, यावर मोठा वाद झाला. ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ते गोदावरीकाठी, बीडच्या थोडे ईशान्येस असावे असे लिहिले. कोणी देवगिरी सांगितले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर. डॉ. रा. गो. भांडारकरांनी निजामाच्या राज्यातले धारूर सुचवले. म्हणजे दोन वेगवेगळ्या विद्वानांनी तगर आमच्याच जिल्ह्यात ठेवले होते. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी अंतर, दिशा, जुने लेख आणि तगर-तयर-तेर असा नावाचा प्रवास तपासून तगर म्हणजे तेर, असा निर्णय दिला. तेरला सापडलेल्या वस्तूंनी तो पक्का केला. ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मिरवणाऱ्या शिलाहारांचे मूळ स्थानही तेच.

इथे एक कबुली द्यायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना तगर म्हणजे धारूरच असे शिकवत असे. भांडारकरांचे नाव पाठीशी होते आणि मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मुलांची मान ताठ व्हावी असे वाटे. फ्लीटचा लेख वाचल्यावर शिकवणे बदलले, पण आधीच्या मुलांना बोलावून सांगता आले नाही. आज वाटते, त्या खोट्या मानाची गरजच नव्हती. बाजारपेठ तेरची होती, हे मान्य. पण पैठण ते तेर सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. दहा दिवस म्हणजे दिवसाला सुमारे पंधरा किलोमीटर, बैलांची नेमकी चाल. हे दहा मुक्काम, तिथले पाणी, तिथली वैरण, तुटलेली चाके दुरुस्त करणारे हात बहुतांशी आजच्या बीड जिल्ह्याच्या मातीतले. नाव लिहिले गेले दोन टोकांचे. मधल्या मुलखाला त्या व्यापाऱ्याने ‘रस्ता नसलेला’ म्हटले.

गेल्या दिवाळीनंतर ही वाट मी एका दिवसात गाडीने केली. पैठण, शहागडला गोदावरी, मग गेवराई, बीडची बिंदुसरा, मांजरसुंब्याचा घाट, केज, पुढे मांजरा ओलांडून कळंब आणि शेवटी तेरणाकाठचे तेर. तेरमध्ये त्रिविक्रमाच्या मंदिराचा विटांचा, पाठीमागे अर्धगोल असलेला जुना भाग पाहिला. मूळचा तो बौद्ध चैत्य मानतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय पाहिले. मणी, शंखाच्या बांगड्या, दुहेरी साच्यात काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, आणि ती छोटीशी स्त्रीमूर्ती. नेपल्समधलीची जणू घरी राहिलेली बहीण.

त्या व्यापाराच्या बदल्यात इकडे काय आले, तेही पेरिप्लसमध्ये आहे. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची दारू आणि उंची अत्तर. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. हे धन तगरच्या मागावर बसलेल्या माणसापर्यंत किती आले असेल? यादीत राजा आहे, व्यापारी आहे, विणकर नाही.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर तेही सरळ नाही. तगरचे कापड रोमच्याच अंगावर गेले असे म्हणणे सोपे आणि चुकीचे ठरेल. पेरिप्लसच्या सुरुवातीच्या भागात आदुलिस नावाचे बंदर येते, आजच्या एरिट्रियातले. तिथे उतरणाऱ्या भारतीय मालाच्या यादीत पुन्हा तेच नाव भेटते: मोलोखिना. म्हणजे आमच्या मुलखातून निघालेल्या त्या जातीच्या कापडाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही गिऱ्हाईक होते. चित्रपटातल्या रोमला ही बंदरे नसतात. त्यांच्याशिवाय रोमचे चालत नव्हते.

अण्णा १९९१ मध्ये गेले. माग त्याच्या आधीच बंद पडला होता. सुताचे भाव परवडेनात. तेरहून परत येताना अंधार पडला होता. केजच्या अलीकडे ऊसतोड्यांच्या ट्रॅक्टरच्या रांगा समोरून येत होत्या: ट्रॉलीत भांडीकुंडी, बांबू, मुले, वर बांधलेल्या शेळ्या. कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या जिल्ह्यातले लाखो लोक असेच निघतात. आमची गाडी त्यांना वाट देत बाजूला थांबली. साखर कुठल्या कारखान्याची, हे पोत्यावर छापलेले असते. तोडणाऱ्याचे गाव त्यावर नसते.

अण्णा असते तर त्यांनी पोते उलटून पाहिले असते.