‘शालू’ची पारख

सुरतेच्या बमरोली भागात यंत्रमाग चालतात. मागावरून उतरलेले ठाण उजेडात धरले की तुटलेले सूत दिसते. संगणकावरील लिपीचीही अशीच पारख करावी लागते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे मांडला. २००४ साली रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे अक्षरसंच मुक्त परवान्याखाली दिले. पुढे डेबियन या लिनक्स वितरणात लोहितचे मराठीसाठी वेगळे पॅकेज आले. वेगळे कशासाठी? मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून निराळे आहे. ‘शालू’ हा एकच शब्द लिहून पाहावा; पारख होते. संहिता खुली असल्याने दोष कोणालाही दाखविता व सुधारता येतो. खानदेशातून सुरतेस येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांना परमुलखातही आपले अक्षर आपल्याच वळणाचे मिळावे, एवढ्यासाठी ही पारख मोलाची.