वैमानिकी इंग्रजी

वैमानिकी इंग्रजी ही वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील रेडिओ संभाषणासाठी वापरली जाणारी इंग्रजीची नियमबद्ध शैली आहे. तिची मानके आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. सर्वसाधारण इंग्रजी उत्तम येत असली, तरी प्रशिक्षणार्थी वैमानिकाला ही शैली स्वतंत्रपणे शिकावी लागते. इंग्रजी मातृभाषा असणारेही याला अपवाद नाहीत.

स्वरूप

सर्वसाधारण इंग्रजीत एका शब्दाला अनेक अर्थ असू शकतात. वैमानिकी इंग्रजीतील ठरावीक शब्दांचा अर्थ मात्र निश्चित असतो. ‘रॉजर’ म्हणजे ‘संदेश पूर्ण मिळाला’ एवढेच. त्यातून होकार सूचित होत नाही. होकारासाठी ‘अफर्म’, नकारासाठी ‘निगेटिव्ह’, तर ‘समजले, त्याप्रमाणे करतो’ यासाठी ‘विल्को’ हा शब्द आहे. वाक्ये संक्षिप्त असतात.

उच्चारांचेही नियम आहेत. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत टाळण्यासाठी ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ असे म्हणतात. अक्षरे ‘अल्फा’, ‘ब्राव्हो’, ‘चार्ली’ अशा शब्दांनी सांगितली जातात. नियंत्रकाने दिलेली उंची, धावपट्टी आणि परवानगी वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवायची असते. चूक आढळल्यास नियंत्रक ती तत्काळ दुरुस्त करतो.

अपघात व सुधारणा

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातून ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचा संदेश आला. विमान उड्डाणासाठी सज्ज होऊन थांबले आहे, असा त्याचा अर्थ नियंत्रकाने घेतला. त्याने ‘ओके’ म्हटले. पुढची थांबण्याची सूचना दुसऱ्या विमानाचा संदेश त्याच क्षणी आल्याने स्पष्ट ऐकू गेली नाही. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरण्याचा नियम झाला. अन्य वेळी ‘डिपार्चर’ म्हणतात.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबिया आणि कझाकस्तान येथील विमाने हवेत एकमेकांवर आदळून ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फूट उंचीच्या खाली उतरले होते. वैमानिक चमूचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान यास अंशतः कारणीभूत ठरल्याचे चौकशीत नमूद झाले.

भाषिक पात्रता

ठरावीक शब्दावली नेहमीच्या प्रसंगांना पुरते. प्रवाशाला आलेला हृदयविकाराचा झटका किंवा अनपेक्षित बिघाड यांचे वर्णन मात्र साध्या इंग्रजीतच करावे लागते. म्हणून संघटनेने २००३ मध्ये भाषिक पात्रतेचे निकष स्वीकारले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा अंगांनी परीक्षा होते. सहा स्तरांपैकी किमान चौथा स्तर सर्व अंगांत आवश्यक असतो. चौथ्या स्तरासाठी तीन वर्षांनी, तर पाचव्यासाठी सहा वर्षांनी फेरपरीक्षेची शिफारस आहे. इंग्रजी भाषकांनीही रेडिओवर वाक्प्रचार टाळून, सावकाश आणि स्पष्ट बोलणे अपेक्षित असते.