बाळाच्या हालचालींचे घरगुती चित्रण

उताण्या निजवलेल्या तान्ह्या बाळाच्या आपसूक हालचाली आईवडिलांनी घरीच मोबाइलवर टिपायच्या आणि त्या पाहून तज्ज्ञाने त्याच्या मेंदूची वाढ अजमावायची, अशी ही पद्धत. तिचा पाया हाइन्झ प्रेख्टल (१९२७–२०१४) यांनी घातला. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांच्या तालमीत ते तयार झाले होते. बाळाला हात न लावता नुसते पाहत राहण्याची शिस्त तिथलीच.

जन्मानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत निरोगी बाळ आळोखेपिळोखे देते. तिसऱ्या महिन्यापासून सुमारे पाचव्यापर्यंत त्यांची जागा चुळबूळ घेते. मान, खांदे, मनगटे, कंबर, घोटे यांची ही बारीक, गोलसर, सर्व दिशांची हालचाल; सवय नसलेल्या डोळ्यांना ती जाणवतही नाही. या वयात चुळबूळ न दिसणे ही सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतील इजेमुळे होणाऱ्या हालचालींच्या विकाराची) फार लवकर मिळणारी खूण आहे. १९९७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० बालकांच्या अभ्यासात या चाचणीची संवेदनक्षमता (विकार असलेली बालके ओळखणे) ९५ टक्के आणि विशिष्टता (विकार नसलेली बालके तशीच ओळखणे) ९६ टक्के आढळली. चुळबुळीच्या आधीच्या आठवड्यांत हातपाय आणि धड एकदमच ताठत व एकदमच सैल पडत असतील, तर तेही काळजीचे लक्षण.

वय मोजताना गल्लत होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात; हेच सुधारित वय. २८ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ २४ आठवड्यांचे झाले, तरी या हिशेबाने ते १२ आठवड्यांचेच.

चित्रण तीन ते पाच मिनिटांचे पुरते. बाळ जागे, पोट भरलेले, न रडणारे हवे. दुपटे सोडलेले, हातपाय उघडे, तोंडात चोखणी नाही. मालिश-अंघोळीनंतर पेंग येते, ती वेळ टाळावी. सगळ्यात अवघड अट मोठ्यांसाठी आहे: गप्प बसण्याची. खुळखुळा वाजवला किंवा ‘इकडे बघ, सोन्या’ म्हटले की बाळाचे लक्ष तिकडे खिळते आणि चुळबूळ थांबते. हौसेने काढलेला हसऱ्या बाळाचा गोड व्हिडिओ म्हणूनच येथे निरुपयोगी. तपासणारेही बहुधा आवाज बंद ठेवूनच पाहतात; रडण्याने निर्णय ढळू नये म्हणून.

मेलबर्नच्या संशोधकांनी यासाठी ‘बेबी मूव्ह्ज’ हे ॲप तयार केले. पडद्यावर बाळाची बाह्यरेषा उमटते. बाळ तिच्यात बसेल असा मोबाइल धरायचा. सुधारित वयाच्या १२ व्या आणि १४ व्या आठवड्यात असे दोनदा चित्रण होते. रुग्णालयापासून दूर राहणाऱ्यांची खेप त्यामुळे वाचते, आणि अनोळखी खोलीत बाळ बिचकून रडण्याचा प्रश्नही उरत नाही.

एवढ्यावरून निदान मात्र होत नाही. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत पाच महिन्यांआधीच्या बाळासाठी याच्या जोडीला मेंदूचा एमआरआय आणि मज्जासंस्थेची प्रत्यक्ष तपासणीही सांगितली आहे.