पॉइंट ठेवायचे की काढायचे?

आमच्या कुटुंबात गेले काही महिने एक वाद चालू आहे. विषय जमिनीचा नाही, दागिन्यांचाही नाही. विषय आहे मसुराच्या डाळीएवढ्या दोन धातूच्या टिकल्यांचा!

काकांची १९६८ सालची फियाट ११०० आता पुढच्या पिढीकडे जायची आहे. पुण्याचा चुलतभाऊ न्यायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे. पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाकायचे आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं. "बायकोमुलांना घेऊन घाटात बंद पडणारी गाडी मला नको," असं त्याचं म्हणणं. काकांचं म्हणणं याहून थोडक्यात आहे: "पॉइंट काढणार असशील तर गाडी नेऊच नकोस." दोघेही हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे जपून लिहितो आहे.

आधी या टिकल्या करतात काय ते सांगतो. पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. बॅटरी देते १२ व्होल्ट, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायची तर हजारो व्होल्ट हवेत. हे काम कॉइल करते. कॉइलमधून वाहणारा करंट एकदम तोडला की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात तो प्रचंड दाब तयार होतो. करंट तोडण्याचं काम पॉइंटचं. तोडताना पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. आणि तयार झालेला करंट चार प्लगना पाळीपाळीने वाटणारा तो डिस्ट्रिब्युटर. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे उघडणं-मिटणं सेकंदाला १०० वेळा होतं. बिचाऱ्या टिकल्या झिजणार नाहीत तर काय! त्या जळतात, त्यांची फायबरची टाच घासते, फट कमी होते, ठिणगी थोडी उशिरा पडायला लागते आणि गाडी चढाला रडायला लागते. मग मिस्त्री येतो, पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवतो, फट पुन्हा लावतो. फीलर गेज नसेल तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा!

आता गंमत बघा. काका ज्याला "ओरिजिनल" म्हणतात ती पद्धतसुद्धा एके काळी घुसखोरच होती.

त्यासाठी आपल्या नाशिकच्या मायको सर्कलला जाऊ. नाशिककर आजही तो चौक मायकोच्याच नावाने ओळखतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. १९५१ साली बंगळूरमध्ये सुरू झालेली, जर्मनीच्या बॉशशी जोडलेली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. बॉशचं बोधचिन्ह कधी नीट पाहिलंत का? वर्तुळात एक विचित्र आकृती असते. ती मॅग्नेटोच्या आर्मेचरची आहे. १८९७ मध्ये रॉबर्ट बॉशने मॅग्नेटो एका तीनचाकी मोटारसायकलच्या इंजिनावर बसवला. १९०२ मध्ये त्याच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. याच होनोल्डने १९१८ मध्ये ते चिन्ह काढलं. मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही. चुंबकांच्या मध्ये तारांचं वेटोळं फिरतं आणि स्वतःची वीज स्वतःच तयार करतं.

त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची पद्धत बसवली, आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. मॅग्नेटोवाल्यांचा आक्षेप सरळ होता: बॅटरी उतरली की गाडी संपली, मॅग्नेटोला कोणाची भीक मागावी लागत नाही. त्यात तथ्यही होतं. शर्यतीच्या गाड्यांनी आणि विमानांनी मॅग्नेटो त्यानंतरही पुष्कळ वर्षं सोडला नाही. पण केटरिंगचाच सेल्फ स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅकवर आला आणि गाडीत मोठी बॅटरी नाहीतरी बसवावीच लागली. मग स्वस्त कॉइल-पॉइंटच जिंकले. खुद्द बॉशनेही १९२५ मध्ये बॅटरी इग्निशन बाजारात आणलं. म्हणजे काकांचे पॉइंट हे त्या काळचं "अपग्रेड"च. आणि त्या वेळचे काका तेव्हाही चिडलेच असणार!

(जाता जाता: मायकोच्या नाशिकच्या कारखान्याची ओळख मात्र डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर ही. डिझेल इंजिनाला ठिणगीच लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. बिनठिणगीच्या इंजिनाचे भाग करणाऱ्या कारखान्याच्या मालक कंपनीच्या चिन्हात ठिणगीचं यंत्र! असो.)

फियाट कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. मालेगावजवळचा रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच, १९३३ चा. म्हणजे लहानपणी फियाटच्या मागच्या सीटवर बसून आम्ही रावळगावची गोळी चघळायचो तेव्हा गाडी आणि गोळी एकाच घरची होती. फियाट ११०० पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली, मुंबईची टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही टॅक्सी रस्त्यावरून गेली. स्पोर्ट्स कार म्हणाल तर ती कधीच नव्हती. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच फियाटी शर्यतीत पळाल्या. आणि तिकडे इटलीत फियाटनेच फेरारीच्या इंजिनाची डिनो ही खरीखुरी स्पोर्ट्स कार काढली तेव्हा, साठच्या दशकातच, तिच्या व्ही-सिक्स इंजिनाला मरेली कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. जोरात फिरणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला साधे पॉइंट पुरे पडत नव्हते. पुढे १९७३ मध्ये क्रायसलरने आपल्या अमेरिकन गाड्यांना ते सरसकट बसवलं. म्हणजे आमच्या गाडीच्या सख्ख्या घराण्यातच हा बदल आधी होऊन गेला आहे. भाऊ, हा मुद्दा तुझ्या खात्यात.

आता काकांच्या खात्यात. पॉइंट बिघडतात ते हळूहळू, आधी सांगून. स्टार्ट व्हायला कुरकुर, मग मिसिंग, मग चढाला दम. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं की गेलं. बॅटरीची टोकं चुकून उलटी जोडली तरी ते जळू शकतं, इंजिन बंद असताना चावी चालू राहिली तरी तापून जाऊ शकतं. मग कसारा घाटात ना पॉलिश पेपर उपयोगाचा, ना पुठ्ठा. शिवाय पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला गाडी रुसते ती बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली ओल जमल्यामुळे. पॉइंट काढले तरी झाकण, रोटर आणि प्लगच्या वायरी त्याच राहतात. तेव्हा कोरडं फडकं गाडीत ठेवावंच लागणार!

उलट बाजूने हेही खरं की आज मिळणारे पॉइंट आणि कंडेन्सर पूर्वीसारखे नाहीत. नवाकोरा कंडेन्सर महिन्यात गेल्याचं मी पाहिलं आहे. आणि कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री संपत चालले आहेत. आमचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवायचे, डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि तिथेच कसायचे. आता त्यांना नीट दिसत नाही आणि मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

कायद्याची भीती कोणी घालू नये म्हणून तेही सांगतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, असं त्यात आहे. मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली लपतं, एक भोकही पाडावं लागत नाही आणि तासाभरात परत काढता येतं. याला मोठा फेरफार म्हणणं मला तरी कठीण वाटतं.

तर मला काय वाटतं? काका "पॉइंट" म्हणतात तेव्हा त्यांना टिकल्यांची काळजी नाही. बिघाड झाला तर तो आपल्या हाताला समजावा, ही त्यांची इच्छा आहे. आणि भाऊ "इलेक्ट्रॉनिक" म्हणतो तेव्हा त्याला काकांचा अपमान करायचा नाही. गाडी शेडमध्ये न सडता रस्त्यावर राहावी, एवढंच त्याला हवं आहे. दोघांच्या इच्छा एकमेकींच्या आड येत नाहीत.

म्हणून माझा तोडगा असा. मॉड्यूल बसवा. पण काढलेली पॉइंटची प्लेट, चालू असल्याची खात्री केलेला कंडेन्सर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज डब्यात घालून डिकीत कायम ठेवा. गाडी पुण्याला न्यायच्या आधी भावाने आणि त्याच्या मुलीने काकांसमोर बसून ते पॉइंट स्वतः बसवून, फट लावून, गाडी चालू करून दाखवायची. जमलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा. काकांनी ओरडायचं नाही. (हे जरा अवघड आहे.)

काका, तुमचा होकार असेल तर फोन करा. भाऊ, तू पॉलिश पेपर घेऊन ये.