व्हॉल्व्ह, घरगुती पाण्याचे : जुने बदलणे

घराच्या नळवाहिनीतील पाणी हवे तेव्हा अडवण्यासाठी बसवलेली, पण गंजाने किंवा झिजेने निकामी झालेली साधने काढून नवी बसवण्याचे नळकाम. बोलण्यात या साधनांना ‘वॉल’, ‘कॉक’, ‘चावी’ असे काहीही म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे येथील गच्चीवर टाकी असलेल्या आणि जस्त चढवलेल्या लोखंडी (जीआय) पाइपांच्या इमारतींपुरती आहे. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह आणि ते फिरवणारे महापालिकेचे चावीवाले यांचा विचार येथे केलेला नाही.

इतिहास : आरपार भोक असलेला खुंट फिरवून पाणी सोडायचे वा अडवायचे ही रचना रोमन काळापासूनची असून तशा कांस्याच्या तोट्या उत्खननांत मिळाल्या आहेत. आट्यांच्या दांड्याने वायसर खाली दाबणाऱ्या नळाचे पेटंट इंग्लंडमधील रॉदरहॅम येथे १८४५ मध्ये घेतले गेले. त्याच्या श्रेयाबद्दल एकवाक्यता नाही. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० पासून नळाने मिळू लागले. टेफ्लॉनचा शोध १९३८ मधला; बॉल व्हॉल्व्हचा प्रसार त्याच्या बैठका (गोळा ज्यांवर टेकतो त्या कड्या) मिळू लागल्यानंतरचा.

प्रकार : गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीच्या आकाराची झडप दांड्याच्या आट्यांवर वरखाली होते. टाकीच्या तोंडाशी आणि जुन्या न्हाणीघरांत बहुधा हाच असतो. स्टॉपकॉकमध्ये पाणी वळसा घेऊन वायसरखालून वर येते; अंगावरच्या बाणाकडे दुर्लक्ष करून तो उलटा बसवला आणि त्याचा वायसर सुटा असला, तर पाणीच त्याला दाबून धरते आणि चाक पूर्ण उघडूनही नळ कोरडा राहतो. बॉल व्हॉल्व्हमधील भोकाचा गोळा पाव फेऱ्यात उघडतो वा मिटतो. बेसिन आणि गीझरजवळ अँगल कॉक असतो. तांब्याच्या मिश्रधातूंच्या गेट व्हॉल्व्हसाठी आयएस ७७८ आणि स्टॉपकॉकसाठी आयएस ७८१ ही भारतीय मानके आहेत.

पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हचा अवरोध गुणांक सुमारे ०.२ धरतात, तर स्टॉपकॉकच्या रचनेचा १० च्या आसपास. खालच्या मजल्यांवर हा फरक कळत नाही. सर्वांत वरच्या घरात मात्र नळापासून टाकीतील पाण्याची उंची अनेकदा ३-४ मीटरच असते, म्हणजे दाब जेमतेम ०.३ ते ०.४ किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी. तेथे गेट काढून स्टॉपकॉक किंवा अरुंद भोकाचा स्वस्त बॉल व्हॉल्व्ह बसवला की शॉवरची धार बारीक होते आणि दोष टाकीच्या माथी जातो. अशा घरात पाइपाच्या व्यासाइतकेच भोक असलेला बॉल व्हॉल्व्ह घ्यावा.

निकामी होण्याची कारणे : पितळेत जस्ताचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांहून अधिक असले की काही पाण्यांत जस्त विरघळून निघून जाते आणि मागे लालसर, सच्छिद्र तांबे उरते. असा दांडा दिसतो शाबूत, पण पिळताच तुटतो किंवा त्याचे आटे झडपेतून सुटतात. मग चाक गरागरा फिरत राहते आणि झडप आहे तिथेच. बंद करताना ती खाली अडकली तर टाकीकडून खाली येणाऱ्या त्या पाइपाच्या पूर्ण रांगेचे पाणी जाते. बैठकीच्या खाचेत गाळ, गंजाचे खवले आणि क्षार साचले की झडप शेवटपर्यंत उतरत नाही; यालाच ‘वॉल पाणी धरत नाही’ म्हणतात. तांबे, कथिल, शिसे आणि जस्त यांचे गनमेटल या बाबतीत साध्या पितळेपेक्षा कितीतरी टिकाऊ ठरते, तरी खरेदीच्या वेळी धातूची चौकशी क्वचितच होते. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह सर्वांत आधी जाम होतो. चार-सहा महिन्यांनी तो एकदा मिटून उघडणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे.

दांड्याभोवतीची गळती वेगळी. ती ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवतीची दोरी नटाने दाबून धरणाऱ्या भागाची असते. ग्लँडचा नट किंचित आवळून, नाहीतर जुनी दोरी काढून ग्रीस लावलेली नवी गुंडाळून ती थांबते. एवढ्यासाठी चांगला व्हॉल्व्ह काढून टाकणे चूक आहे.

काढण्याचे काम : या कामात धोका आहे तो व्हॉल्व्हमागच्या पाइपात. १५ मिमी. (अर्धा इंच) मध्यम जातीच्या जीआय पाइपाची जाडी आयएस १२३९ प्रमाणे २.६ मिमी. असते. आटे पाडताना त्यातील सुमारे १.१६ मिमी. कापली जाते आणि तेवढ्या भागावरचे जस्तही निघते. म्हणजे नव्या पाइपातही आट्यांच्या तळाशी दीड मिलिमीटरहून कमी लोखंड उरते, तेही उघडे. त्यावर पितळी व्हॉल्व्हचा स्पर्श असल्याने पाण्यात दोन धातूंचा विद्युत्-घट तयार होतो आणि झीज लोखंडाच्या वाट्याला येते. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत हा सांधा बहुतेक वेळा गंजावरच उभा असतो.

म्हणून पाइप पाने नेहमी दोन लागतात : एकाने निपल (आटे पाडलेला आखूड पाइप) किंवा एल्बो (वळणाचा जोड) जागच्या जागी धरायचा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह सोडवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पीळ भिंतीत शिरतो आणि टाइल्समागचा एल्बो फिरतो. ही गळती त्या दिवशी दिसत नाही. काही आठवड्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. सांधा हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि आधी किंचित आवळून मग सोडवावे. निपल आट्यांपाशी तुटून आतला भाग एल्बोत राहिला, तर करवतीचे नुसते पाते आत घालून त्या नळीला लांबीच्या दिशेने दोन चिरा देतात आणि मधली पट्टी छिन्नीने आत पाडतात. पाते एल्बोच्या आट्यांना लागण्याआधी थांबणे हीच कारागिराची परीक्षा. घाईत आटे कापले गेले तर भिंत फोडण्यावाचून मार्ग उरत नाही.

कामाआधी गच्चीवरचा त्या रांगेचा (डाऊनटेकचा) व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्या रांगा बहुधा वेगळ्या असल्याने योग्य रांग ओळखणे आवश्यक असते. गच्चीवरचा व्हॉल्व्हच धरत नसेल तर टाकी रिकामी करतात, किंवा टाकीत आतून कापड गुंडाळलेले लाकडी बूच ठोकतात. पाण्याच्या दाबाने ते बसून राहते. एकेका घरातले व्हॉल्व्ह बदलत बसण्यापेक्षा सोसायटीने आधी गच्चीवरचे सर्व बदलावेत, हा क्रम निर्विवाद सोयीचा आहे. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला त्याचा उपयोग होतो.

बसवणे : आट्यांवर सुताचा दोरा व सफेदा, किंवा टेफ्लॉन टेप. टेप आट्यांच्या तोंडाकडून पाहता घड्याळाच्या दिशेने गुंडाळतात, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही. सीपीव्हीसी पाइपाच्या (आयएस १५७७८) जोडावर टेपच वापरावी. काही तेलकट लेप हे प्लॅस्टिक तडकवतात. प्लॅस्टिकच्या आट्यांत धातूचा निपल न आवळता पितळी आट्यांचा जोड घेतात. व्हॉल्व्हशेजारी युनियन (नट सोडून सुटा करता येणारा जोड) टाकल्यास पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. लिव्हर पूर्ण फिरण्याइतकी जागा आहे का, हे आवळण्याआधी पाहावे.

पाणी सोडताना प्रथम तांबूस गढूळ पाणी येते. गंजाचे तुकडे गीझर व मिक्सरमध्ये जाऊ नयेत म्हणून अँगल कॉकपुढची नळी सोडून ते बादलीत काढतात. पाइपात हवा धरल्यास खालच्या मजल्यावरचे नळ उघडे ठेवून रांग भरतात. गच्चीवरील व्हॉल्व्हच्या पुढे हवेचा उभा पाइप असल्यास ही अडचण सहसा येत नाही.

गेट की बॉल : मतभेद आहेत. बॉल व्हॉल्व्ह जाम कमी होतो आणि उघडा की मिटलेला हे लिव्हरवरून दुरून कळते. तो अर्धवट उघडा ठेवल्यास मात्र बैठक झिजते. आक्षेप घेतला जातो तो झटकन मिटण्याने पाण्याच्या बसणाऱ्या धक्क्याचा. रशियन शास्त्रज्ञ झुकॉव्हस्की यांनी १८९०च्या दशकात मॉस्कोत अभ्यासलेल्या सूत्राने, लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबले तर दाब सुमारे १३ किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी.ने वाढतो. पण ३० मीटर पाइपात दाबाची लाट जाऊन परतायला ०.०५ सेकंदाहून कमी वेळ लागतो आणि हाताने लिव्हर इतक्या झटक्यात फिरत नाही. त्यामुळे घरातल्या लहान पाइपात हा आक्षेप फारसा टिकत नाही. गच्चीवरच्या मोठ्या व्यासाच्या पाइपांवर लिव्हर सावकाश फिरवावा.

खर्चाची जबाबदारी : महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक बाह्य पाइपांची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त होते.